आधी काम बघा, मग डोळे : खेड्यातल्या बाईची नजर वाचवायची तर सुरुवात कुठून करावी

माझी नोकरी डोळे तपासण्याची. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून कितीतरी वर्षं रोज माणसांना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. आणि माझ्या स्वतःच्या आईचा मोतीबिंदू मला कळला तो भातातल्या खड्यावरून, तोही पाहुण्यांच्या दाताखाली आल्यावर.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आमचं गाव. आईनं तांदूळ निवडणं बंद केलं होतं. का, तर "दुकानचा तांदूळ आता साफच असते." मी मान डोलावली होती. त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिला ओसरीत उभं केलं, एक डोळा झाकला आणि हाताची बोटं दाखवली. उजव्या डोळ्याला हातभर अंतरापलीकडची बोटं मोजता येत नव्हती. "मले दिसते बाप्पा सारं," ती म्हणाली, "आता काय पोथी वाचाची हाय?" तोवर ती रोज सडा टाकत होती, गाय पिळत होती, भाकरी थापत होती. हातांना घर पाठ होतं, म्हणून डोळ्यांची उणीव कुणालाच दिसली नाही. मलाही नाही.

म्हणून हा लेख. नव्यानं आशाताई झालेल्यांसाठी, बचतगटात आरोग्याचं काम अंगावर घेतलेल्या बायांसाठी, आणि पोळ्याला किंवा दिवाळीला गावी येणाऱ्या लेकी-लेकांसाठी. वैद्यकीय शिक्षण लागत नाही. एक जुनी साडी, एक वही आणि थोडा आगाऊपणा पुरे.

पहिली पायरी : "दिसतं का?" असं विचारू नका

या प्रश्नाचं उत्तर नेहमी "दिसते" असंच येतं. खेड्यातली बाई नजरेचं मोजमाप कामावरून करते आणि काम होतंय तोवर नजर आहे असं धरते. नजर उतरायला लागली की काम सोडत नाही, कामाची रीत बदलते. ती बदललेली रीत तुम्हाला शोधायची आहे.

डाळ निवडायचं ताट घेऊन ती दारात, उन्हात जाऊन बसते का? सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारते का? उंबरा ओलांडताना आधी पायानं चाचपते का? दिवेलागणीनंतर शेजारी जाणं, भजनाला जाणं बंद झालंय का? माणूस समोर आला तरी बोलेपर्यंत ओळखत नाही का? पैसे देताना नोट बोटांनी चाचपून, उजेडाकडे धरून देते का? कपाशीच्या पट्ट्यात तिच्या ओळीत फुटलेली बोंडं मागे राहतात का, वेचलेल्या कापसात वाळकी पाती आणि काडीकचरा जास्त येतो का? वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे बाईची नजर उतरल्याचं घरच्यांच्या आधी मुकादमाला कळतं. तो फक्त "बुढी आता थकली" म्हणतो.

एक उलटा प्रकारही ध्यानात ठेवा. काही बायांना सावलीत बरं दिसतं आणि भर उन्हात समोरचं पांढरं पडतं. मोतीबिंदूच्या एका प्रकारात असंच होतं. वावरात जायला टाळाटाळ करणारी बाई आळशी नसेल, तिला उन्हात दिसत नसेल.

हे प्रश्न गप्पांच्या ओघात विचारायचे. वही उघडून बसलात की सगळ्या बायांचे डोळे एकदम चांगले होतात.

दुसरी पायरी : साडी आणि बोटं

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. ती निम्म्यात दुमडून जमिनीवर सरळ अंथरली की जवळजवळ तीन मीटर अंतर झालं. एका टोकाला तिला बसवा, दुसऱ्या टोकाला तुम्ही. उजेड तिच्या पाठीमागून, तुमच्या हातावर पडायला हवा. एक डोळा तिनं तळहातानं झाकायचा. दाबायचा नाही, आणि बोटांच्या फटीतून बघायचं नाही. फटीतून सगळ्याच बघतात, मीही लहानपणी शाळेत बघितलं आहे. मग बोटं दाखवा : दोन, चार, एक, तीन. क्रम बदलत राहा. चष्मा असेल तर लावूनच.

चांगल्या डोळ्यानंही तीन मीटरवरची बोटं मोजता येत नसतील, तर २०१७ पासूनच्या सरकारी व्याख्येप्रमाणे ते अंधत्व आहे. हे वाचून दचकायला होतं, कारण अशी बाई घरात स्वयंपाक करत असते. एका डोळ्यानं मोजता येतात आणि दुसऱ्यानं नाही, असं निघालं तरी तिला पुढे पाठवायचंच. खरं तर सर्वांत जास्त हेच निघतं. एक डोळा काम चालवून नेतो आणि दुसरा गेलेला कुणाच्या लक्षात येत नाही.

साडी पूर्ण उलगडली की जवळजवळ सहा मीटर होतात. दवाखान्यातला तक्ता याच अंतरावरून वाचतात. न शिकलेल्या बाईसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या 'ई' अक्षराचा तक्ता असतो. काड्या कुठल्या बाजूला आहेत तेवढं हातानं दाखवायचं. "मले वाचता येत नाही, मंग डोये कसे तपासन?" या लाजेपायी कितीतरी जणी शिबिराच्या दारातून परत जातात. त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एक तपासणी खिडकीची. एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघायचं. सरळ गज वाकडे, लाटांसारखे दिसले किंवा मधोमध काळा डाग दिसला, तर डोळ्याच्या पडद्यात बिघाड असू शकतो.

या चाचण्या पास झाल्या म्हणजे डोळे निरोगी, असं मात्र समजू नका. काचबिंदूचा रोगी कितीतरी दिवस ही बोटं बरोबर मोजतो. ते पुढे येईलच.

तिसरी पायरी : किती घाई आहे ते ठरवा

"सोयाबीन निघू दे, मंग पाहू." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर चिडणं सोडून दिलं. हंगाम बुडवून कुणी दवाखान्यात येत नाही आणि यावं असंही नाही. फक्त सोयाबीन निघेपर्यंत काय थांबू शकतं आणि काय नाही, हे कळायला हवं.

मिनिटांचा मामला : डोळ्यात चुना, फवारणीचं औषध, ॲसिड. आपल्याकडे खर्रा आणि तंबाखूपायी घरोघरी चुन्याच्या पुड्या असतात. लेकरू पुडी दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना ॲसिडपेक्षा वाईट, कारण तो आत आत शिरत जातो. त्या क्षणी गाडी शोधू नका, पाणी शोधा. माठातलं, नळाचं, जे स्वच्छ असेल ते. डोकं एका बाजूला कलतं करा, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि निदान वीस मिनिटं, चुना असेल तर अर्धा तास, संथ धार सोडत राहा. पापणीखाली चुन्याचे कण अडकून बसतात. ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं ते काढा, पण त्यासाठी धुणं थांबवू नका. मग दवाखाना, त्याच दिवशी.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. तेव्हा सगळी चर्चा पंप पाठीवर घेणाऱ्या पुरुषांची झाली. पण टाकीत पाणी ओतायचं, औषध ढवळायचं आणि संध्याकाळी ते कपडे धुवायचे, ही कामं बाईची. ढवळताना काठी लांब हवी, वारा पाठीमागून हवा, डोळ्यांना साधा प्लास्टिकचा चष्मा हवा, आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत.

एका दिवसाचा मामला : तुरीचं धसकट, धानाचं कुसळ, बोरीचा काटा, पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) काडी डोळ्याला लागली, डोळा लाल झाला, पाणी येतंय, उजेड सोसत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. झाडपाल्यानं झालेल्या जखमेत बुरशी वाढते. बुबुळावर पांढरं फूल पडतं, आणि एकदा पडलं की जखम भरली तरी डाग राहतो. इथे घरोघरच्या उपायांनी फार डोळे घालवले आहेत. अंगावरचं दूध, मध, एरंडेल, कुणा जाणत्या बाईनं जिभेनं कुसळ काढणं, यातलं काहीही नको. मेडिकलमधून न तपासता आणलेले थेंब तर मुळीच नकोत. त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. लाली एका दिवसात उतरते, बाई पुन्हा वेचणीला जाते, आणि आत बुरशी मोकाट वाढते.

त्याच दिवशी जायचं अशी आणखी काही कारणं आहेत. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं होणं, दुखो वा न दुखो. डोळ्यासमोर विजा चमकणं, काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूनं पडदा ओढल्यासारखं होणं. आणि एक असं, जे आपल्याकडे पित्तावर खपून जातं : अर्धं डोकं आणि डोळा फुटेल असं दुखणं, ओकाऱ्या, डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत कडी. हा काचबिंदूचा झटका असू शकतो, आणि या प्रकारचा काचबिंदू बायांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. पित्ताची गोळी देऊन निजवलेल्या बाईचा डोळा एकदोन दिवसांत कायमचा जाऊ शकतो.

महिन्यांचा मामला : मोतीबिंदू, चाळिशीचा चष्मा, डोळ्यांतून नुसतं पाणी गळणं. हे सोयाबीन निघेपर्यंत थांबेल. तूर निघेपर्यंतही थांबेल. मग हरभरा येईल, मग लगीनसराई, मग पेरणी. म्हणून तारीख वहीत आजच लिहायची.

चौथी पायरी : जायचं कुठे, न्यायचं काय

सुरुवात गावातल्या आशाताईपासून किंवा उपकेंद्रातून. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी येतात ते विचारून घ्या. रोज असतीलच असं नाही आणि चुकीच्या दिवशी गेलेली बाई दुसऱ्यांदा जात नाही. पुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा सामान्य रुग्णालय. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय, इथे मोठे नेत्रविभाग आहेत. मेळघाटात धारणीजवळच्या उतावलीला 'महान' संस्थेचं रुग्णालय आहे, तिथल्या डॉ. कविता सातव स्वतः नेत्रतज्ज्ञ आहेत.

सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. गोळ्यांची नावं सांगत बसू नका, पाकिटंच पिशवीत टाका. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या असतील तर त्याही. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड निघतं. वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टिरॉइडनं मोतीबिंदूही होतो आणि डोळ्यातला दाबही वाढतो.

सोबत एक माणूस हवाच. पडदा तपासायला थेंब टाकून बाहुली मोठी करतात, त्यानंतर चारपाच तास जवळचं दिसत नाही आणि उजेड खुपतो. त्या अवस्थेत एकटी बाई एसटी स्टँडवर पाटी शोधत उभी राहते, ते दृश्य मला बघवत नाही. पदर डोळ्यांवर ओढून बसली असेल, तर ती बाहुली मोठी केलेली बाई.

मोतीबिंदू : हा भाग सावकाश वाचा

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांत अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं, बायांत ते पुरुषांपेक्षा जास्त होतं, आणि एकूण अंधत्वापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास मोतीबिंदूमुळे होतं. मोतीबिंदूवर खात्रीचं ऑपरेशन आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं. मग इतक्या बाया आंधळ्या का? माझं उत्तर असं : पुरुषाचा मोतीबिंदू अडतो, कारण त्याला बाजाराला जायचं असतं. बाईचा अडत नाही.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. तो थेंबांनी विरघळत नाही. तसं सांगून बाटली विकणारा वैदू असो की पदवीवाला, पैसे देऊ नका. तो पुसता येत नाही, मंत्रानं उतरत नाही. गढूळ भिंग काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसवायचं, एवढंच. असं भिंग पहिल्यांदा बसवलं गेलं १९४९ साली, लंडनमध्ये. आता डोळ्याजवळ भूल देऊन वीसेक मिनिटांत काम होतं. बाई जागी असते, दुखत नाही.

"पिकू दे" हा सल्ला जुन्या काळचा आहे. तेव्हा भिंग पूर्ण कडक झाल्याशिवाय काढणं जमत नसे. आज रोजच्या कामात अडचण यायला लागली की करून घ्यायचं. फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा आतल्या आत गळतो, डोळ्याचा दाब वाढतो, मरणाचं दुखतं, आणि मग ऑपरेशन करूनही नजर येईलच असं नाही. थंडीतच करावं, उन्हाळ्यात पू होतो, हाही समज सोडा. ऑपरेशनचा ऋतूशी संबंध नाही. आमच्याकडे हिवाळ्यात गर्दी आणि मे महिन्यात खाटा रिकाम्या असतात, जेव्हा नेमकं वावरात काम नसतं.

मोफत भिंग म्हणजे हलकं भिंग, असंही समजू नका. महागाचं घालायला गहाण टाकण्याची गरज नाही. तालुक्याच्या दवाखान्यात टाका न घालता लहान छेदातून केलेलं ऑपरेशन आणि शहरातलं यंत्रानं केलेलं ऑपरेशन, दोन्हींनी चांगलं दिसतं.

आधी रक्तदाब आणि साखर तपासतील, आणि डोळ्यातून नाकाकडे जाणारी अश्रूची वाट मोकळी आहे का तेही. ही वाट बायांमध्ये जास्त वेळा बंद पडते. डोळ्यातून सारखं पाणी, नाकाजवळच्या कोपऱ्यात दाबलं तर पू, असं असेल तर आधी त्याचा इलाज, मग मोतीबिंदू. नाहीतर तो पू ऑपरेशनच्या जखमेत उतरतो. यासाठी परत पाठवलं तर "डॉक्टरनं टाळलं" असं म्हणू नका.

आता घरच्यांशी बोलायची गोष्ट, आणि ती ऑपरेशनच्या आधी बोलायची. पुढचे आठ-दहा दिवस चूल कोण पेटवणार? नंतर बाई घरी येते, दोन दिवस सगळे कौतुक करतात, तिसऱ्या दिवशी ती पऱ्हाट्यांच्या धुरात फुंकणी घेऊन बसलेली असते. धूर नको, डोक्यावरून पाणी नको (गळ्याखालून आंघोळ), वाकून झाडणं नको, पाण्याची घागर उचलणं नको, डोळा चोळणं नको. रात्री डोळ्यावर दिलेली कडक झाकणी लावायची. सून असेल तर सुनेला, मुलगा असेल तर मुलालाही, नवऱ्याला तर नक्कीच, कोणत्या दिवशी कोण काय करेल ते समोरासमोर ठरवून घ्या. आशाताईंनो, हे भांडण तुम्हीच घालू शकता, बाई स्वतः घालणार नाही.

थेंब साधारण चार ते सहा आठवडे. दोन बाटल्या असतात आणि वाचता येत नाही, म्हणून एकीच्या मानेला लाल दोरा बांधा : "लाल दोऱ्याची चार वेळा, बिनदोऱ्याची दोन वेळा", डॉक्टरांनी जसं लिहिलं असेल तसं. हात धुवा, खालची पापणी ओढून तयार झालेल्या खळग्यात एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू न देता. मिनिटभर डोळा मिटून ठेवायचा. दुसरा थेंब दहा मिनिटांनी, नाहीतर पहिला धुऊन निघतो.

घरी आल्यावर डोळा जास्त दुखायला लागला, लाल झाला, पू आला, किंवा दिसत होतं ते कमी झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघायचं.

महिना-दीड महिन्यानं चष्म्याचा नंबर काढतात. हा टप्पा पुष्कळ जणी चुकवतात आणि मग गावात बातमी पसरते की अमकीचं ऑपरेशन फसलं, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. बसवलेलं भिंग बहुधा लांबचं दिसण्यासाठी असतं. जवळच्याला चष्मा लागतोच. तसंच काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं, तर मोतीबिंदू "परत आलेला" नसतो. भिंगामागची पातळ झिल्ली गढूळते आणि लेझरनं काही मिनिटांत ती साफ करता येते.

चाळशी

भाषेनंच सांगून ठेवलं आहे की हे चाळीस वर्षांना येतं, तरी बायका पन्नाशीपर्यंत हात लांब करून काम चालवतात. यात रोग काही नाही, डोळ्याचं भिंग ताठर होतं एवढंच. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा दिला, तर पत्ती खुडण्याचं काम बाविसेक टक्क्यांनी वाढलं. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या बहुतेक मजूर बाया होत्या. चहाच्या जागी कापूस ठेवून बघा.

बाजारात मिळणाऱ्या तयार चाळशीला माझा विरोध नाही. आमच्यातल्या काही जणांचा आहे. माझं म्हणणं एवढंच की आधी एकदा दोन्ही डोळे तपासून घ्या, मग कुठलीही घ्या. नुसता चष्मा बदलत राहून मागे काचबिंदू वाढत गेलेल्या बाया मी बघितल्या आहेत. गरजू म्हाताऱ्या माणसांना सरकारी कार्यक्रमातून जवळचा चष्मा मोफत द्यायची तरतूद आहे, ग्रामीण रुग्णालयात विचारा.

आणि शाळेतल्या पोरी. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवणारी पोर "अभ्यासात कच्ची" ठरते. चष्मा मिळाला तरी तो दप्तरात राहतो, कारण आजीला तिच्या लग्नाची काळजी. नंबर असताना चष्मा न लावता तो उतरत नाही. लहान वयात एक डोळा आळशी पडला तर नंतर चष्म्यानंही पूर्ण सुधारत नाही.

जे दुखत नाही

काचबिंदूत डोळ्यातली नस हळूहळू मरते. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणून साडीची चाचणी पास होते आणि बाई गोठ्याच्या खांबाला अडखळते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. आई, बाप, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब आणि नस नियमित तपासून घ्या. थेंब सुरू झाले की बहुधा जन्मभराचे. "टाकून काई फरक नाही पडत" म्हणून बाटली संपल्यावर बंद करणाऱ्या फार. फरक न पडणं, म्हणजे नजर आहे तिथेच थांबणं, हाच त्या थेंबांचा गुण आहे.

साखर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, नजर स्वच्छ असली तरी. नजर बिघडेपर्यंत थांबलं की पडद्यावर रक्त उतरलेलं असतं. आधीपासून साखर असलेली बाई गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवायचा, कारण गरोदरपणात हा बिघाड वेगानं वाढू शकतो.

विदर्भाचं आणखी एक दुखणं म्हणजे सिकलसेल, आई-बापांकडून येणारा रक्ताचा आजार. अंगदुखी आणि रक्त कमी, इथेच सगळ्यांचं लक्ष जातं. पण सिकलसेलच्या आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्याही तुंबतात. दहा वर्षांच्या वयापासून दर एकदोन वर्षांनी पडदा तपासावा. तसंच कुष्ठरोगाची गोळी घेतलेल्या किंवा घेत असलेल्या बाईची पापणी पूर्ण मिटते का ते बघा. न मिटणारा, बधिर झालेला डोळा जखम झाल्याचं सांगत नाही.

संधिवात असलेल्या, आणि पाळी गेलेल्या बायांचे डोळे कोरडे पडतात. वाळू गेल्यासारखं खुपतं. त्रासदायक, पण इलाज सोपा.

गरोदर बाई

दिवस गेलेल्या बाईला संध्याकाळनंतर कमी दिसत असेल, ती अंधारात ठेचकाळत असेल, तर जीवनसत्त्व अ कमी पडल्याची शंका घ्या. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, लाल भोपळा, पपई, आंबा, अंडी, दूध. पालेभाजी तेलाच्या फोडणीशिवाय नको, तेलाबरोबरच ते अंगी लागतं. या दिवसांत जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत, बाळाला अपाय होतो. लेकरांना मात्र नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस सरकारी लसीकरणात मिळतात. कार्डावर ते भरले आहेत का बघा.

आणि सातव्या-आठव्या महिन्यात डोळ्यासमोर काजवे चमकले, धूसर दिसलं, डोकं ठणकलं, पायांवर-तोंडावर सूज आली, तर तो प्रश्न डोळ्यांचा राहत नाही. रक्तदाब वाढलेला असू शकतो, १०८ ला फोन करा.

दुसरा डोळा

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. डावा ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर "नंतर" असा लिहिलेला होता. ती म्हणाली, एकानं दिसते ना आता. नेत्रविभागात हे रोजचं आहे. बायांचा पहिला डोळा होतो, दुसरा राहून जातो, आणि एका डोळ्यानं पायरीचा अंदाज चुकतो, विहिरीच्या काठाचाही.

तेव्हा वहीत तीन गोष्टी लिहा. दुसऱ्या डोळ्याची तारीख, सोबत जाणाऱ्या माणसाचं नाव, आणि त्या आठवड्यात स्वयंपाक कोण करणार त्याचं नाव. तिसरं नाव मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. आमच्या घरी ते माझ्या भावाचं निघालं. त्याला वरण-भात सोडून काही येत नव्हतं. आठ दिवस घरात वरण-भातच झाला. तांदूळ आईनंच निवडला, दारात न जाता.